मूठ आणि दोन बोटं

१४ जून

चि. सात नंबर,

आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव, पाठवायचं काम माझं.

दर रविवारी तुझा फोन येतो. मी उचलला की तू म्हणतेस, "आईला द्या." दोनच शब्द, आणि त्यातला एकही माझ्या वाट्याचा नाही. मग तुम्ही मायलेकी अर्धा तास बोलता आणि मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचायचं सोंग करतो. गेल्या रविवारी तुझ्या आईने येऊन ते सुलट करून माझ्या हातात दिलं.

फोनवर मला तसंही धड बोलता येत नाही. लिहिता येतं. दिवसभर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरणांच्या नोंदी लिहायच्या आणि सामना असला की संध्याकाळी टेबलावर बसून गुण आणि फाउल लिहायचे, यात सव्वीस वर्षं गेली. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं.

विषय: आपल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची येत्या हंगामातली स्थिती. दुसरा विषय मला सुचत नाही, आणि सुचला तरी काढायची हिंमत नाही.

तर, स्थिती बरी नाही. पुढच्या शिक्षणाला इथे जागा असताना तू तिकडच्या कॉलेजात गेलीस, आणि इकडे कॅप्टन नाही, पास देणारी नाही, सगळ्यांवर ओरडणारीही नाही. घोरपड आहे. बारा नंबरचा शर्ट अजून तिच्याकडेच आहे आणि समोरच्या खेळाडूला चिकटायचा गुणही. पण नुसतं चिकटून सामने जिंकता येत नाहीत. कोचसाहेबांचं भाकीत: साखळीत सहापैकी चौथे. तेही नशिबाने हात दिला तर.

एक नवी मुलगी आली आहे. उंची सहा फूट एक इंच. पोरींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव शिडी ठेवलं. कोचसाहेबांनी विचारलं, "आधी कधी खेळलीस का?" ती म्हणाली, "नाही सर, पण वर्गात मला कायम शेवटच्या बाकावर बसवतात." बॉल हातात आला की तापलेलं भांडं हातात आल्यासारखी सोडून देते. पण मुलगी गोड आहे.

त्या अंतिम सामन्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण पेन तिकडेच जातं. शेवटची दोन मिनिटं, आपण तीन गुणांनी पुढे, शिट्टी वाजली आणि माझ्या कागदावर तुझा पाचवा फाउल लागला. पाच झाले की खेळाडू बाहेर, हा नियम काही मी केला नाही. मी पाचाची पाटी वर धरली. तू टेबलापाशी येऊन म्हणालीस, "बाबा, नीट बघा." मी म्हणालो, "खेळाडूने बाहेर जावं." आपण एका गुणाने हरलो. आता चार महिने तू मला बाहेर ठेवलं आहेस. पण पाच म्हणजे पाच.

टेबलावर बसलेला माणूस कोणाचा बाप नसतो, हे तू सातवीत असल्यापासून तुला सांगत आलोय. म्हणून तर तुझ्या एकाही बास्केटला मी आजवर टाळी वाजवलेली नाही. टेबलाने टाळी वाजवायची नसते.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा


६ जुलै

चि. सात नंबर,

पत्र मिळालं असं तू आईला सांगितलंस. एवढंच सांगितलंस, पण मिळालं. टपालखात्याचा मी आभारी आहे.

पहिल्यांदा महत्त्वाची बातमी. साखळीचा कार्यक्रम लागला. आपला पहिला सामना १८ ऑक्टोबरला, इथे, आपल्याच हॉलमध्ये, आणि तुझ्या नव्या कॉलेजशी. कोचसाहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टेबलमास्तर, आता घरचीच पोर आपल्याला कुटणार." मी म्हटलं, खेळात घर नसतं. ते म्हणाले, "ते तुमच्या बायकोला सांगा." तिला सांगायची माझी काय बिशाद.

स्थिती पुढीलप्रमाणे. शिडी आता बॉल पकडते, पण पकडल्यावर काय करायचं हे तिला माहीत नसल्याने ती बॉल छातीशी धरून उभी राहते आणि सगळ्यांकडे प्रेमाने बघते. फ्री थ्रोमध्ये आपल्या पोरी दहातले चार टाकतात. हा आकडा तुझ्या कोचला सांगू नकोस. मी तुला वडील म्हणून सांगतोय, शत्रू म्हणून नाही.

नव्या पोरींना मी पंचांच्या खुणा शिकवल्या. तू सगळं जाणतेस, पण मला पुन्हा सांगायला आवडतं. फाउल दिला की पंच टेबलासमोर येऊन बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतो. पाचपर्यंत एकच हात. सहा ते दहा, एका हाताचा पंजा उघडा आणि दुसऱ्या हाताची बोटं. म्हणजे सात असेल तर पंजा आणि दोन बोटं. अकरा ते पंधरा, पंजाच्या जागी मूठ. बारा म्हणजे मूठ आणि दोन बोटं. मी एवढं दाखवत होतो, आणि घोरपड एकदम उठून बाहेर निघून गेली. तहान लागली असेल.

ती परवा घरीही आली होती. जेवली, तुझ्या खोलीत जाऊन बसली, मग माझ्यासमोर येऊन रडली. या वयातल्या मुली रडतात. तिला म्हटलं, खेळावर लक्ष दे. विशेष काही नाही.

प्रयोगशाळेत आता व्हर्निअरचं बारीक माप मी मुलांनाच वाचायला सांगतो. त्यांनाही सवय व्हायला हवी. तुझी आई म्हणते, सव्वीस वर्षांत ही सवय तुम्हाला आत्ताच बरी आठवली. तुझी आई काहीही म्हणते.

बाबा


२ ऑगस्ट

चि. सात नंबर,

तिकडे तुला कोणता नंबर मिळाला ते आईलाही सांगितलं नाहीस म्हणे. मी सातच धरून चालतो.

काल सरावाचा सामना झाला. भिंतीवरचा फलक म्हणतो एक्केचाळीस–अडतीस, माझा कागद म्हणतो एकोणचाळीस–चाळीस. शिडीने घातलेली बास्केट मी समोरच्या संघाला देऊन टाकली होती. शिडी हसली. म्हणाली, "काका, बिचाऱ्यांना असू द्या." बाकी कोणी हसलं नाही. कोचसाहेब टेबलापाशी आले, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खांद्यावर हात ठेवून गेले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, हॉलमधले दिवे मंद झालेत, मी तसा अर्जही दिलाय. पोरींचे शर्टही विटून पिवळे पडलेत, त्याचा वेगळा अर्ज. घरी हे सांगितलं तर तुझी आई म्हणाली, "दिव्यांआधी डोळे दाखवा. परवा तुम्ही शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत होतात."

दाखवले. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. नऊ तारखेला उजव्याची शस्त्रक्रिया, डाव्याची पुढच्या महिन्यात. हल्ली हे काम वीस मिनिटांचं असतं. तू यावंस असं काही नाही. यायला सहा तास लागतात आणि तुझा सराव बुडेल. आपला सांगतोय.

डॉक्टर बाई तरुण आहेत, तुझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "इतके दिवस काढलेत कसे? हा मोतीबिंदू दोन वर्षांचा तरी आहे."

दोन वर्षांचा. हे वाक्य मी घरी सांगितलं नाही. तुला का लिहितोय, मला ठाऊक नाही.

बाबा


२१ ऑगस्ट

चि. सात नंबर,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस.

आधी गंमत सांगतो. उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती डॉक्टर बाईंच्या टेबलावरची निळ्या शाईची बाटली. मला कोणी सांगितलंच नव्हतं गं, निळा रंग इतका निळा असतो. घरी आलो तर भिंतीला पापुद्रे, पंख्यावर धूळ, आणि तुझ्या आईचे कानाजवळचे केस पांढरे. मी म्हणालो, "हे कधी झालं?" ती म्हणाली, "तुम्ही टेबलावर होतात तेव्हा." आणि पोरींचे शर्ट पांढरेशुभ्र आहेत. अर्ज परत घेतला.

आता जे लिहायला बसलोय ते.

घोरपड त्या दिवशी उठून गेली आणि मग घरी येऊन रडली, त्याचं कारण तहान नव्हती आणि वयही नव्हतं. ती म्हणाली होती, "काका, फायनलचा तो फाउल माझा होता. तिचा नव्हताच. मी धक्का दिला होता. पंचांनी माझाच नंबर दाखवला होता, पण तुम्ही पाटी तिच्यासाठी वर केलीत, आणि मी घाबरून गप्प बसले." मी तिला काय म्हणालो असेन? म्हणालो, "बाळ, टेबल चुकत नसतं." ती गेल्यावर मी तुला पत्र लिहिलं आणि त्यात लिहिलं की विशेष काही नाही. डोळ्यावर मोतीबिंदू होता ते खरं, पण त्यावर मी आणखी कातडंही ओढून घेतलं होतं.

काल खेळविभागातून त्या सामन्याचा कागद मागून घेतला. आपल्या वाट्याची कार्बनप्रत. खिडकीपाशी नव्या डोळ्याने बघत बसलो. तुझ्या नावापुढे पाच खुणा, घोरपडीपुढे तीन. माझंच अक्षर, ठसठशीत, कुठे खाडाखोड नाही. चूक इतकी सुवाच्य असू शकते हे मला माहीत नव्हतं.

डोळा मिटून ती शिट्टी आठवली. लांबच्या टोकाकडून पंच धावत येतो आहे, मागे गर्दी उभी राहून ओरडते आहे, आणि मला त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं दिसताहेत. दुसरा हात नुसता फिकट गोळा. ती मूठ होती की पंजा, मला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, बेटा. आणि पुन्हा दाखवा म्हणून सांगायला काय लागत होतं? हात वर करायचा, एवढंच. शंका आली की टेबलाने विचारायचं असतं, हे मी स्वतः चाळीस जणांना शिकवलंय. पण विचारलं तर कळेल की म्हाताऱ्याला दिसत नाही, आणि खुर्ची जाईल. आणि मनात असंही आलं की दोघींत शंका असेल तर ती स्वतःच्या मुलीच्या बाजूने सोडवायची नाही. लोक म्हणतील बापाने वाचवलं. म्हणून मी पंजा लिहिला. निःपक्षपातीपणाची हौस होती मला. कुंपणानेच शेत खाल्लं.

आता त्या कागदाच्या तळाशी. तिथे एक रकाना असतो, तुला माहीत आहे. निकाल मान्य नसेल तर हरलेल्या संघाच्या कॅप्टनने तिथे लगेच सही करायची. मग चौकशी होते, पंचांना विचारतात, टेबलाला विचारतात. आपल्या प्रतीत तो रकाना रिकामा आहे असं मला सहा महिने वाटत होतं. तो रिकामा नाही. तिथे एक ठिपका आहे आणि ठिपक्यापासून निघालेली गव्हाच्या दाण्याएवढी रेघ. तू लहानपणापासून सही करायच्या आधी पेन टेकवून थांबतेस. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या सहीची नक्कल करताना पकडली गेलीस तीही त्या ठिपक्यामुळेच.

म्हणजे तू पेन टेकवलं होतंस. आणि मग उचललंस.

सही केली असतीस तर पंचांना विचारलं असतं, त्यांनी मूठ सांगितली असती, आणि सगळ्या हॉलसमोर कळलं असतं की टेबलमास्तर आंधळा आहे. तू ते होऊ दिलं नाहीस. करंडक सोडलास. आणि मी तुला घरी आल्यावर म्हणालो होतो, "हरायला शिकलं पाहिजे."

मला क्षमा मागायची आहे, आणि ती कशी लिहितात ते मला येत नाही. चुकलो. पाच नव्हते. चार होते.

बाबा


१६ सप्टेंबर

चि. सात नंबर,

पत्र पोचल्याचं तू आईला सांगितलं नाहीस. आईने विचारलं तेव्हा तू विषय बदललास म्हणे. मी उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

डावा डोळाही झाला. आता केलेली कामं सांगतो.

पहिलं, त्या सामन्याच्या पंचांच्या घरी गेलो. ते निवृत्त झालेत, टेरेसवर कुंड्यांना पाणी घालत होते. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय दाखवलं होतंत?" त्यांनी झारी खाली ठेवली, मूठ आवळली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "मी नंबर दाखवून लांबच्या टोकाला गेलो होतो. वळून बघतो तर तुमची पाटी वर, आणि माझा जोडीदार सातला बाहेर पाठवतोय. मला वाटलं, आपलीच मूठ नीट मिटली नसेल. पंचवीस वर्षांत तुम्ही चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं." माझ्या नावलौकिकाने त्यांना स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लावला. मग झारी मी उचलली आणि उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं.

दुसरं, संघटनेच्या चिटणिसांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, "मास्तर, आता काय उपयोग? निकाल काही बदलायचा नाही." मी म्हटलं, निकाल राहू द्या. तिच्या नावापुढे पाच आहेत ते चार करा. त्यांनी कागदाला माझं पत्र जोडायचं मान्य केलं. टाचणी मी स्वतः लावली.

तिसरं, टेबल सोडलं. डोळे आता उत्तम आहेत, डॉक्टर बाई म्हणतात सुईत दोरा ओवाल. पण प्रश्न डोळ्यांचा नव्हता, हे तुला कळेल. ग्रंथालयातल्या बाईंना मी तयार करतोय. त्या उत्तम आहेत, एक पुस्तक दोन दिवस उशिरा दिलं तरी त्यांना चार वर्षांनी आठवतं. पहिल्याच सरावात त्यांनी पंचांना तीनदा थांबवून नंबर पुन्हा दाखवायला लावला. पंच वैतागले. मला फार समाधान वाटलं.

चौथं आणि सगळ्यात अवघड, संघाला सांगितलं. पोरी गोल करून बसल्या होत्या. मी उभा राहून सांगितलं की तो करंडक तुमच्या हातून गेला तो माझ्यामुळे, तुमच्या कॅप्टनमुळे नाही. घोरपडीने तोंड गुडघ्यांत खुपसलं. मग शिडीने हात वर केला. म्हणाली, "काका, मग ती परत येणार का?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "नाही, म्हणजे तिला अठरा तारखेला मीच अडवायचंय, म्हणून विचारलं." सगळ्या हसल्या, कोचसाहेबही हसले, आणि मी रुमाल शोधायला बाहेर गेलो.

स्थिती: शिडीने काल सरावाच्या सामन्यात सात रिबाउंड घेतले. फ्री थ्रो दहातले सहा. कोचसाहेबांचं नवं भाकीत: तिसरे. आकडे तुझ्या कोचला सांगितलेस तरी चालतील. माझी गुप्तता आता संपली.

बाबा


८ ऑक्टोबर

चि.,

नंबर लिहिताना पेन थांबलं, कारण तुझं कार्ड आलं.

मी ते प्रयोगशाळेत उघडलं आणि दाराला आतून कडी घातली. मुलं बाहेर उभी होती, राहू देत म्हटलं. तू लिहिलेलं इथे पुन्हा उतरवून ठेवतो. कागदांचा काही भरवसा नाही, एक प्रत असलेली बरी.

"बाबा, मूठ मी बघितली होती. मी पंचांच्या शेजारीच होते. सही करणारच होते. वर बघितलं तर तुम्ही नेहमीसारखे रुमालाने पाट्या पुसून पेटीत लावत होतात. पाचाची पाटी दोनदा पुसलीत. मग माझ्याने सही झाली नाही. हरल्याचा राग नव्हता बाबा. मी 'नीट बघा' म्हटलं तेव्हा तुम्ही कागदाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलं नाहीत. त्याचा होता. घरी आल्यावरही बघितलं नाहीत. तुम्हाला दिसत नाही हे मला वर्षभर माहीत होतं. जिन्यात पायरी चाचपायचात. मी तुम्हाला ते सांगायला हवं होतं, ती चूक माझी. इथे सात नंबर आधीच कोणीतरी घेतलाय. मला बारा मिळालाय. आता मूठ नीट बघायला शिका. रविवारी फोन करते. आईला देऊ नका."

रविवारी तू फोन केलास. आपण दोघं चार मिनिटं बोललो. त्यातली दोन मी "ऐकू येतंय का" म्हणण्यात घालवली. तुझ्या आईने बाजूला बसून वर्तमानपत्र वाचायचं सोंग केलं. तिचं सुलट होतं.

तुझ्यासाठी अठरा तारखेची तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी धरून ठेवली आहे. म्हणजे माझ्यासाठी. प्रेक्षक म्हणून बसायचं कसं हे मला येत नाही. दोन्ही संघांत माझीच माणसं. तुझी आई म्हणते, ज्याचा बॉल त्याला टाळी. तिने मला घरात टाळी वाजवून दाखवायला सांगितलं. मी वाजवली तर म्हणाली, "अहो, ही टाळी आहे की डास मारताय?" सराव चालू आहे.

बाबा


१९ ऑक्टोबर

चि. बारा नंबर,

काल सामना संपल्यावर तुमची बस लगेच निघाली, नाहीतर तोंडीच बोलून टाकलं असतं. म्हणजे, तोंडी बोललोच, पण ते खोटं होतं. म्हणून हे पत्र.

आधी निकालाबद्दल. तुम्ही तीन गुणांनी जिंकलात, योग्य संघ जिंकला. शिडीने अकरा रिबाउंड घेतले आणि तुझा एक शॉट वरच्या वर हातात धरला, तेव्हा मी तिलाही टाळी दिली. याचा राग मानू नकोस. तू घोरपडीला मिठी मारलीस तेव्हा हॉलमधल्या निम्म्या लोकांना काहीच कळलं नाही आणि उरलेले निम्मे रडले. कोचसाहेब म्हणतात, या पोरी दुसऱ्या येतील, लिहून ठेवा. मी म्हटलं, मी आता लिहीत नाही.

तू पहिली बास्केट घातलीस आणि मी उभा राहिलो. तुझ्या आईने माझा शर्ट मागून ओढला, पण मी बसलो नाही. नऊ-दहा वर्षांच्या टाळ्या शिल्लक होत्या. हात अजून दुखताहेत.

आता तो शेवटच्या मिनिटातला प्रकार. शिट्टी वाजली, पंच टेबलासमोर आला, एका हाताची मूठ आणि दुसऱ्याची दोन बोटं. स्वच्छ दिसलं. बारा. तुझा चौथा फाउल. आणि मी, सव्वीस वर्षं टेबलावर बसलेला माणूस, तिसऱ्या रांगेतून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडलो, "चुकीचं आहे! तिने हातसुद्धा लावला नाही! पंच, डोळे तपासून घ्या!" ग्रंथालयातल्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "प्रेक्षकांनी शांत राहावं." मी शांत राहिलो नाही. तू मैदानात गुडघ्यांवर हात ठेवून हसत होतीस. तुला इतकं हसताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं, आणि तशी दोन वर्षं तर मला काही दिसतच नव्हतं.

बसच्या दारात तू विचारलंस, "बाबा, खरं सांगा, फाउल होता का?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "छे! मुळीच नाही."

तोंडावर तेवढं चालतं. कागदावर मात्र मी एकदा चुकीचं लिहिलंय, पुन्हा लिहिणार नाही. तू शिडीला कोपराने ढकललंस. फाउल तुझाच होता, मी दोन्ही डोळ्यांनी बघितला.

तुझा,
बाबा